पाचशे तासांची किती वर्षं?

गाडीच्या सुट्या भागाच्या ड्रॉइंगवर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ असते. इंजिन माउंटिंग असो की सस्पेन्शनचा बुश, मजकूर साधारण तोच : मिठाच्या फवाऱ्यात इतके तास ठेवल्यावर रबर धातूपासून सुटता कामा नये. आकडा कुठे २४० असतो, कुठे ५००, कुठे हजार. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड इथल्या शेडमध्ये ही ओळ रोज वाचली जाते. या धंद्यात नवीन आलेला माणूस ती वाचून हमखास एक प्रश्न विचारतो. पाचशे तास म्हणजे रस्त्यावरची किती वर्षं? चाचणी करणारी जुनी माणसं या प्रश्नावर विषय बदलतात. खरं उत्तर विक्रीच्या कामाचं नसतं. त्या तासांची वर्षं करता येत नाहीत.

मग ही चाचणी करतात कशाला? आणि तासांतून वर्षं काढता येत नसतील, तर उन्हापावसात हा जोड किती टिकेल हे कळायचं तरी कसं? या लेखाचा विषय एवढाच आहे. तो वाटतो तितका कारखान्यापुरता मर्यादित नाही. एसटीचं इंजिन ज्या काळ्या गोळ्यांवर बसलेलं असतं ते, उड्डाणपुलाच्या तुळईखालची चौकोनी उशी, रेल्वेच्या बोगीतल्या रबराच्या स्प्रिंगा, जहाजावरच्या पंपाचे पाय, हे सगळे रबर आणि पोलाद यांचे जोड आहेत. बोल्ट घट्ट बसायला धातू लागतो आणि थरथर जिरवायला रबर. दोन्ही एकाच तुकड्यात हवं, तर त्यांना एकमेकांना चिकटवावं लागतं.

दोघांचा स्वभाव मात्र जमत नाही. तापमान बदललं की रबर पोलादाच्या दहापटीहून जास्त फुगतं किंवा आकसतं. साच्यातून दीडशे-एकशेसाठ अंशांना बाहेर पडलेला नग हाताला गार लागेपर्यंत रबराला आकसायचं असतं आणि पोलाद त्याला आकसू देत नाही. गाडीला लागायच्या आधीच नगाच्या कडेला ताण साठलेला असतो. जोड सुटायला लागतो तो बहुतेक कडेपासूनच. ही कड लक्षात ठेवावी, पुढे ती सारखी येणार आहे.

एकोणिसाव्या शतकात एक युक्ती सापडली होती. पोलादावर पितळेचा पातळ मुलामा द्यायचा आणि त्यावर रबर शिजवायचं. रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याला धरतं आणि जोड होतो. टायरमधल्या पोलादी तारांना आजही पितळेचाच मुलामा असतो. पण प्रत्येक ब्रॅकेटला पितळ चढवणं परवडत नाही, आणि दमट हवेत पितळ-रबराचा हा जोड कमजोरही होतो. पेन्सिल्व्हेनियातल्या ईरी गावचे ह्यू लॉर्ड हे पेशाने पेटंट वकील. थरथर थोपवण्यासाठी रबर धातूला चिकटवायच्या नादातून त्यांनी १९२४ मध्ये कंपनी काढली. याच कंपनीने १९५६ मध्ये केमलॉक नावाचं बॉन्डिंगचं द्रावण बाजारात आणलं. तेव्हापासून हे काम डब्यातून ओतून, ब्रशने किंवा फवाऱ्याने करता येऊ लागलं.

कृती सांगायला सोपी आहे. धातूचं तेल काढायचं, ग्रिटचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करायचा, प्रायमरचा पाच ते दहा मायक्रॉनचा हात द्यायचा, तो सुकला की वरून पंधरा ते पंचवीस मायक्रॉनचा टॉपकोट. मग नग साच्यात ठेवून वर रबर दाबायचं आणि शिजवायचं. रबर क्युअर होतं त्याच वेळी टॉपकोट त्याच्याशी एकजीव होतो. सगळा जोड माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्यात बिघडायला जागा भरपूर. ब्लास्ट केलेलं पोलाद उघडंवाघडं असतं. कोकणपट्टीतल्या जुलैच्या हवेत ते पाहता पाहता तांबूस होतं, म्हणून ब्लास्टिंग झाल्यावर प्रायमरला उशीर करायचा नाही. प्रायमरमधलं सॉल्व्हंट उडून जाताना धातूला गार करतं, आणि दमट हवेत त्या गार धातूवर दव धरतं. डोळ्यांना न दिसणारं हे दव टॉपकोटखाली अडकलं, तर तो नग तपासणीत पास होऊनही आतून अर्धा मेलेला असतो. हातमोजे न घालता नग उचलला तरी तेच. पुढे जोड सोलला गेला की कधी कधी धातूवर चक्क बोटाचा ठसा उमटलेला दिसतो.

आता तो सोलायचा कसा, ते पाहू. सर्वांत वापरातली पद्धत म्हणजे नव्वद अंशांचा पील टेस्ट. अमेरिकन मानकात ती एएसटीएम डी ४२९ ची बी पद्धत, आंतरराष्ट्रीय मानकात आयएसओ ८१३. पंचवीस मिलिमीटर रुंदीची पोलादी पट्टी, तिच्यावर चिकटलेलं रबर, एका टोकाला रबराची मोकळी जीभ. यंत्राने ही जीभ मिनिटाला पन्नास मिलिमीटर या वेगाने काटकोनात ओढायची. भारतीय मानकांत रबराच्या चाचण्यांची जी मालिका आहे, आयएस ३४००, तिच्या चौदाव्या भागात हीच गोष्ट आहे. पुलांच्या बेअरिंगसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने घातलेली अट आहे मीटरला ७ किलोन्यूटन. म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या पट्टीवर साधारण अठरा किलोचं ओझं टांगलं, तरी ती सुटता कामा नये.

पण ज्याला हे काम कळतं तो यंत्रावरचा आकडा आधी बघत नाही. तो फाटलेला पृष्ठभाग उजेडाकडे धरून बघतो. तुटलं कुठे? रबर रबरातच फाटलं असेल आणि धातूवर सगळीकडे काळं रबर उरलं असेल, तर अहवालात ‘आर’ लिहितात. रबर आणि टॉपकोट यांच्यामध्ये सुटलं तर ‘आरसी’. टॉपकोट आणि प्रायमर यांच्यामध्ये सुटलं तर ‘सीपी’. उघडा धातू चमकताना दिसला तर ‘एम’. प्रत्येक अक्षरामागे टक्का : आर ९०, एम १०. ही चार अक्षरं म्हणजे या धंद्याची कुंडली. ‘आर शंभर’ म्हणजे जोड रबरापेक्षा मजबूत ठरला, रबराने हार मानली पण जोडाने नाही. ‘एम’ म्हणजे ब्लास्टिंगला किंवा प्रायमरला दोष. ‘आरसी’ म्हणजे टॉपकोट जुना झाला, नाहीतर साच्यात रबर भरायच्या आधीच तो शिजून गेला. मला ही पद्धत फार आवडते. बाकीच्या बहुतेक चाचण्या किती बळ लागलं ते विचारतात, ही दोष कुणाचा ते विचारते.

हवामानाची चाचणी म्हणजे याच प्रश्नाला पुढे खेचणं. नवीन नग सोलला तेव्हा ‘आर’ आला. तोच नग उन्हात, ओलीत, मिठात राहिल्यावर सोलला, तर ‘आर’चा ‘एम’ होतो का? झाला तर किती आत, कडेपासून किती मिलिमीटर?

रबराला ऊन मारतं ही समजूत अर्धीच खरी. इंजिन माउंटिंगचं रबर काळं असतं ते काजळीमुळे. ही काजळी अतिनील किरणं पृष्ठभागावरच शोषून घेते, त्यामुळे ऊन आत शिरत नाही. रंगीत किंवा पांढऱ्या रबराचं सोडून द्या. काळ्या रबराचा हवेतला खरा वैरी आहे ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीत जागोजागी दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथे घाव घालतो. त्यातही एक मेख आहे. रबर ताणलेलं नसेल तर चिरा पडत नाहीत. ताणलेलं असेल तर ताणाच्या आडव्या दिशेने पडतात, आणि ताण सर्वांत जास्त कुठे, तर जोडाच्या कडेला.

ओझोनच्या या खोडीचा उपयोग एका माणसाने उलटा करून घेतला. लॉस एंजेलिसवर १९४० च्या दशकात पिवळट, डोळे चुरचुरवणारं धुकं उतरायला लागलं. तिथल्या टायरांच्या बाजूंना इतर शहरांपेक्षा लवकर भेगा पडतात, हे टायरवाल्यांच्या ध्यानात आलं होतं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ, तोवर अननसाच्या वासाचा अभ्यास करणारे. त्यांनी रबराच्या पट्ट्या वाकवून त्या हवेत ठेवल्या आणि पहिली चीर पडायला किती वेळ लागतो ते मोजलं. वाकवलेलं रबर हेच ओझोनचं मोजमाप झालं. मोटारींचा धूर आणि सूर्यप्रकाश मिळून हे धुकं तयार करतात, हे सिद्ध करण्यात या पट्ट्यांचा वाटा होता. प्रदूषण मोजायला रबर फोडलं, आणि आज प्रयोगशाळेत रबर पारखायला मुद्दाम ओझोन तयार करतात. पेटीत हवेच्या दहा कोटी भागांत पन्नास भाग ओझोन, चाळीस अंश तापमान, रबर वीस टक्के ताणलेलं, अशी ती नेहमीची चाचणी. साध्या शहरी हवेत असतो त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त हा ओझोन.

रबरवाल्यांनी यावर तोडगे काढले. मेण घातलं की ते पृष्ठभागावर येऊन पातळ पडदा धरतं. सिक्सपीपीडी नावाचं रसायन घातलं की ओझोन आधी त्याच्यावर तुटून पडतो. (त्याची किंमत वेगळीच निघाली. टायरच्या झिजेतून हे रसायन रस्त्यावर पडतं, ओझोनशी संयोग होऊन त्याचं विष बनतं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे कोहो सामन मासे मारतं. हे २०२० च्या डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये छापून आलं.) तिसरा मार्ग रबरच बदलण्याचा : निओप्रीन घ्या, जे ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये सापडलं, किंवा ईपीडीएम घ्या, ज्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत. पण ईपीडीएम धातूला चिकटवणं नैसर्गिक रबरापेक्षा कठीण. हवेत टिकणारं रबर घ्यावं तर ते चिकटायला नखरे करतं. चटकन चिकटणारं घ्यावं तर हवेत चिरतं.

आता मीठ. मिठाच्या फवाऱ्याची पेटी म्हणजे ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान आणि न थांबणारं धुकं. एएसटीएम बी ११७ हे तिचं मानक, पहिलं १९३९ सालचं. समुद्रात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे पेटी समुद्रापेक्षा खारट. पण खारटपणा हा तिचा मोठा दोष नाही. ती कधी सुकत नाही, हा आहे. बाहेर रात्री दव पडतं, दुपारी सुकतं, पाऊस मीठ धुऊन नेतो, पुन्हा वारा ते आणून टाकतो. जस्ताचा मुलामा या ओल्या-सुक्या फेऱ्यांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःवर एक संरक्षक थर धरतो. पेटीत तो थर धरायला फुरसतच मिळत नाही, म्हणून जस्त पेटीत नाहक बदनाम होतं. उलट काही रंग पेटीत छान टिकतात आणि बाहेर सोलून निघतात. पेटीतल्या निकालावरून नैसर्गिक हवामानातलं वागणं सांगता येणं विरळाच, असं हे मानक स्वतःच बजावतं. ते पान कुणी वाचत नाही. ड्रॉइंगवरचे तास सगळे वाचतात.

म्हणून अलीकडे ओलं-सुकं-गरम असं आळीपाळीने फिरवणाऱ्या सायक्लिक चाचण्या आल्या, आणि त्या बऱ्या आहेत. पण माझ्या मते पेटीपेक्षा नग पेटीत कसा ठेवला आहे हे जास्त महत्त्वाचं. मोकळा, बिनताणाचा नग पाचशे तास फवाऱ्यात बसवून बाहेर काढला आणि ‘जोड शाबूत’ असं लिहिलं, तर ती चाचणी नव्हे, आंघोळ झाली. जाणकार आधी कड घासून जोडाची रेघ उघडी करतात, रबराच्या जिभेला साधारण दोन किलोचं वजन टांगतात आणि मग नग फवाऱ्यात किंवा थेट उकळत्या पाण्यात सोडतात. उकळत्या पाण्यातले दोन तास कधी कधी मिठातल्या कित्येक दिवसांपेक्षा जास्त बोलतात. वजनाने कड उघडी राहते आणि पाणी आत शिरतं. भिंतीला ओल आली की रंगाचा पापुद्रा आधी कोपऱ्यातून उचलतो, तसंच.

कडेवर नेमकं काय होतं, याचा छडा समुद्रात लागला. पाणबुड्यांच्या सोनारमध्ये धातूच्या भांड्याला निओप्रीनचं आवरण चिकटवलेलं असतं. ते सुटू लागलं की यंत्र बहिरं होतं. या तक्रारींच्या मागे लागलेल्या संशोधकांना एक विचित्र गोष्ट दिसली. नुसत्या समुद्राच्या पाण्यात चांगला जोड दीर्घकाळ टिकत होता. तो सुटत होता गंजापासून वाचवण्यासाठी धातूला जस्त जोडलं की. जस्त स्वतः गंजून पोलादाला वाचवतं आणि पोलाद कॅथोड बनतं. कॅथोडवर पाणी आणि ऑक्सिजन मिळून हायड्रॉक्साइड तयार होतं, तेही जोडाच्या अरुंद कडेत, जिथून ते पसरून विरत नाही. तिथला अल्कलीपणा कॉस्टिक सोड्यासारखा चढतो आणि प्रायमरची धातूवरची पकड सुटते. गंज दिसत नाही. धातू लखलखीत आणि रबर मोकळं. अहवालात शंभर टक्के ‘एम’. ज्या उपायाने पोलाद वाचलं, त्यानेच जोड गेला.

हा प्रकार समुद्रापुरता नाही. जस्त चढवलेल्या ब्रॅकेटला रबर चिकटवून ते मिठाच्या फवाऱ्यात ठेवलं की ओरखड्यापाशी, कडेपाशी हाच खेळ सुरू होतो. पाणबुडीची गोष्ट चाकणच्या शेडला अशी लागू पडते. आपल्याकडे नौदलाच्या अशा साहित्याचं काम अंबरनाथच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत चालतं. ती पूर्वी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये होती. आणि रबर उद्योगाने स्वतःसाठी उभी केलेली संस्था, पूर्वीची इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशन, ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आहे. ओझोनची पेटी, गरम हवेची भट्टी, पील टेस्टचं यंत्र या गोष्टी महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही. उणीव आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

ती उणीव एका ब्रिटिश प्रयोगाने स्पष्ट दिसते. रबर उद्योगासाठी काम करणाऱ्या राप्रा या ब्रिटिश संशोधन संस्थेने १९५८ मध्ये वेगवेगळ्या मिश्रणांच्या रबराचे नमुने तीन ठिकाणी ठेवले. एक इंग्लंडमधलं शॉबरी, समशीतोष्ण. बाकी दोन ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधली : कोरडं आणि भाजणारं क्लॉनकरी, दमट आणि उष्ण इनिसफेल. वर्षांमागून वर्षं काढून ते नमुने तपासले गेले, तब्बल चाळीस वर्षं. ज्यांनी ते ठेवले त्यांतल्या अनेकांनी निवृत्ती घेतली असेल, पण नमुने राहिले. मग त्याच मिश्रणांवर भट्टीतल्या झटपट चाचण्या केल्या आणि त्यांतून चाळीस वर्षांचं भाकीत काढून खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं. काही भाकितं जुळली, बरीच जुळली नाहीत.

न जुळण्याचं कारण भट्टीच्या गणितात आहे. दर दहा अंशांना वेग दुप्पट, हा ढोबळ हिशेब आऱ्हेनिअसच्या सूत्रातून येतो. पण तो खरा ठरायला गरम भट्टीत आणि थंड हवेत रबराच्या आत एकच रासायनिक क्रिया चालायला हवी. जास्त तापमानाला ऑक्सिजन पृष्ठभागावरच संपून जातो, आत पोचतच नाही. बाहेरचं साल कडक होतं आणि गाभा कोवळा राहतो. मेलबर्नमधल्या एका रेल्वे पुलाखाली १८८९ मध्ये नैसर्गिक रबराचे जाड ठोकळे बसवले होते. जवळपास शंभर वर्षांनी ते तपासले, तेव्हा हवेने खाल्लेलं होतं ते वरचं एक-दीड मिलिमीटर साल. आतलं रबर काम देत होतं. जाड रबर स्वतःच्या सालीने वाचतं. जोडाची कड मात्र सालीतच असते.

पुलाच्या बेअरिंगची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे. साइटवर ज्याला निओप्रीन पॅड म्हणतात, त्याच्या आत पोलादी पत्रे आणि रबराचे थर एकावर एक असतात. ही कल्पना १९५० च्या दशकात फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांनी पुढे आणली. पत्रे रबराला चिकटवलेले असतात, म्हणून पॅड भाराखाली फुगून पसरत नाही, पण आडवा मात्र सहज सरकतो. आणि पत्र्यांच्या कडा उघड्या सोडत नाहीत. बाजूने साधारण ६ मिलिमीटर रबराचं आवरण असतं. हे सहा मिलिमीटर ओझोन, पाणी, मीठ सगळ्यांचं सोसतात, तेव्हा आतला जोड कोरडा राहतो. कड झाकली, निम्मं काम झालं. इंजिन माउंटिंगमध्ये जागा नसते म्हणून ती झाकता येत नाही, आणि म्हणूनच तिथे तासांचा एवढा गवगवा.

नुसतं बाहेर ठेवून भागतं का? तेही नाही. बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न उरतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या क्यूर बीचवर १९३५ पासून धातू वाऱ्यावर मांडून ठेवण्याची जागा आहे. तिथे एक चौक समुद्रापासून सुमारे २५ मीटरवर आणि दुसरा सुमारे २५० मीटरवर. तेच पोलाद, तोच वारा, पण पुढच्या चौकातलं मागच्यापेक्षा कितीतरी पट वेगाने गंजतं. आपल्याकडे कारैकुडीच्या सेंट्रल इलेक्ट्रोकेमिकल रिसर्च इन्स्टिट्यूटची अशी जागा तमिळनाडूत मंडपमला, रामेश्वरच्या वाटेवर आहे. तिथली नोंद रत्नागिरीला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. मंडपमला कोकणासारखा चार महिन्यांचा धुवाधार पाऊस नाही. शिवाय कोकणात सगळ्यांत वाईट जागा पावसात भिजणारी नसते. पाऊस न लागणारी, पण खारा वारा आत शिरणारी असते, कारण तिथलं मीठ कोणी धूतच नाही. पुलाच्या तुळईची खालची बाजू अगदी अशीच जागा आहे. पॅड तिथेच बसलेला असतो.

सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आता रबराच्या बागा आहेत. चीक तिथे निघतो, जोड पुण्याजवळ होतो, पूल खाडीवर उभे राहतात. या सगळ्या साखळीत एकच गोष्ट होत नाही. पूल बांधताना बेअरिंग पुढे बदलता येईल अशी सोय ठेवावी लागते, आणि जॅक लावून तुळई उचलून जुने पॅड काढलेही जातात. बदलायचे म्हणून काढलेला प्रत्येक पॅड ही वीस-पंचवीस वर्षांची, खऱ्या भाराखाली, खऱ्या खाडीवर झालेली चाचणी आहे. तिचा खर्च आधीच झालेला आहे. राहिलं आहे ते फक्त त्याच्या पट्ट्या कापून पील टेस्टच्या यंत्रात लावणं, आर किती आणि एम किती ते लिहिणं, आणि शेजारी पुलाचं नाव, बसवल्याचं साल, खाडीपासूनची उंची, रबर नैसर्गिक की निओप्रीन, एवढं टिपून ठेवणं. इंजिन माउंटिंगचंही तसंच. एसटीच्या आगारात बदललेली माउंटिंगं ढिगाने पडलेली असतात, देवगडची वेगळी, चंद्रपूरची वेगळी. कुणी सुरुवात करायची म्हटली तर पहिल्या दिवसाच्या कामाला एक करवत, एक पक्कड आणि एक वही पुरेल.